पोलिसांनी बोलणे आणि पोलिसांनी अडवणे: अमेरिकेतील ‘ओपन कॅरी’चा वाद नेमका कशावर आहे

अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांत सज्ञान नागरिकाला कमरेच्या होल्स्टरमध्ये, सर्वांना दिसेल असे पिस्तूल लावून सार्वजनिक रस्त्यावरून जाण्याची कायद्याने मुभा आहे. काही राज्यांत त्यासाठी परवाना लागतो, काहींत लागत नाही. यालाच तिकडे ‘ओपन कॅरी’ म्हणतात. अशा माणसाला शहराच्या पोलिसाने हटकले आणि प्रकरण चिघळले, तर बातम्यांत ते दुसऱ्या घटनादुरुस्तीचे, म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या हक्काचे भांडण म्हणून येते. न्यायालयात मात्र ते बहुतेक वेळा चौथ्या घटनादुरुस्तीवर लढले जाते. ही दुरुस्ती नागरिकाला अवाजवी झडतीपासून आणि अवाजवी अटकावापासून संरक्षण देते. त्यामुळे निकाल ज्यावर ठरतो तो प्रश्न बंदुकीचा नसतो. पोलीस त्या माणसाशी नुसता बोलत होता की त्याने त्याला अडवून ठेवले होते, हा तो प्रश्न असतो. रस्त्यावर उभ्या असलेल्या त्रयस्थाला या दोन गोष्टी अगदी सारख्या दिसतात, आणि पुष्कळदा त्या पोलिसाला आणि त्या बंदूकधाऱ्यालाही त्यांतला फरक कळलेला नसतो.

मराठी वाचकाला हा फरक चटकन पटत नाही, याचे कारण आपल्या कायद्यात आहे. भारतीय शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १९ नुसार शस्त्र घेऊन जाणाऱ्या कोणाही व्यक्तीकडे पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो, आणि तो दाखवता आला नाही तर नाव-पत्ता विचारून, आवश्यक वाटल्यास शस्त्र ताब्यातही घेऊ शकतो. म्हणजे शस्त्र दिसणे हेच चौकशीला पुरेसे कारण असते. अमेरिकेत असा सरसकट अधिकार पोलिसाला नाही, आणि तिथला सगळा गुंता या एका अभावातून निर्माण होतो.

बोलणे आणि अडवणे यांपैकी पहिली गोष्ट स्वेच्छेच्या संभाषणाची. कोणत्याही पोलिसाला कोणत्याही नागरिकाजवळ जाऊन “नमस्कार, कुठे निघालात? हे पिस्तूल कशासाठी?” असे विचारता येते. त्यासाठी संशय लागत नाही, कारण लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. मात्र नागरिकालाही उत्तर न देता चालू लागण्याची पूर्ण मोकळीक असते, आणि तो चालू लागला हे त्याच्याविरुद्धचे कारण म्हणून वापरता येत नाही. ओळखपत्र मागता येते, पण ते देणे बंधनकारक नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे तपासासाठी केलेला अल्पकाळचा अटकाव. क्लीव्हलंडमधील मार्टिन मॅकफॅडन या गुप्त पोलीस अधिकाऱ्याने १९६३ मध्ये एका दुकानाच्या काचेसमोर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारणाऱ्या माणसांना हटकले, त्यांची वरवर झडती घेतली आणि त्यात पिस्तुले सापडली. त्या प्रकरणात, म्हणजे ‘टेरी विरुद्ध ओहायो’ खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली जी मर्यादा घालून दिली तीवरून अशा अटकावाला ‘टेरी स्टॉप’ हे नाव पडले. अटकेसाठी लागतो तितका भक्कम आधार इथे लागत नाही. परंतु ही व्यक्ती गुन्हा करत आहे, करून आली आहे किंवा करण्याच्या बेतात आहे, असा शब्दांत मांडता येईल असा वाजवी संशय लागतो. नुसता अंदाज किंवा अस्वस्थता पुरत नाही. असा संशय असेल तर माणसाला निघून जाता येत नाही, आणि काही राज्यांच्या कायद्यांनुसार त्याला आपले नाव सांगावे लागते. अशा कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये नेवाडातील एका खटल्यात मान्यता दिली आहे.

पहिल्या गोष्टीची दुसरी केव्हा होते, हे अधिकाऱ्याच्या मनात काय होते यावर ठरत नाही. त्या परिस्थितीत एखाद्या समंजस माणसाला “मी आता निघून जाऊ शकतो” असे वाटले असते का, ही कसोटी १९८० पासून वापरली जाते. पोलीस किती होते, आवाज कसा होता, अंगाला हात लागला का, शस्त्र उपसले का, हे सारे त्यात येते. १९८३ च्या फ्लोरिडा विमानतळावरील एका प्रकरणात अधिकाऱ्यांनी प्रवाशाचे तिकीट आणि लायसन्स हातात धरून ठेवले आणि त्याला एका खोलीकडे नेले; तिथेच संभाषण संपून अटकाव सुरू झाला, असे न्यायालयाने मानले. बंदूकधारी नागरिकाच्या बाबतीत हा बदल फार लवकर होतो. “हात वर करा” हे तीन शब्द उच्चारले की स्वेच्छा संपली.

ओहायो राज्यातील टोलीडो शहरातील २०१० चे प्रकरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. एक गृहस्थ कुटुंबासोबत आपल्या छोट्या कुत्र्याला फिरवत होते आणि त्यांच्या कमरेला होल्स्टरमध्ये पिस्तूल होते. ओहायोत त्या वेळीही उघड पिस्तूल बाळगायला परवान्याची गरज नव्हती. मोटारसायकलवरून जाणाऱ्या एका माणसाने त्यांना टोकले आणि पोलिसांना फोन केला. आलेल्या अधिकाऱ्याने पिस्तूल काढून घेतले, त्यांना बेड्या घातल्या आणि सुमारे अर्धा तास गाडीत बसवून ठेवले. पुढे वैयक्तिक माहिती न दिल्याचा आरोप ठेवला आणि तो नंतर मागे घेतला गेला. त्या गृहस्थांचा हात पिस्तुलाकडे गेला का, याविषयी दोन्ही बाजूंचे म्हणणे वेगळे होते. गृहस्थांनी अधिकाऱ्यावर दावा केला, आणि सहाव्या फेडरल अपील न्यायालयाने (ही न्यायालये प्रदेशवार क्रमांकाने ओळखली जातात) २०१५ मध्ये अधिकाऱ्याला त्या दाव्यापासून संरक्षण नाकारले. न्यायालयाचा तर्क सरळ होता: राज्याच्या विधिमंडळाने ही कृती कायदेशीर ठरवली असेल, तर ती कृती हाच गुन्ह्याचा संशय कसा होऊ शकेल? अधिकाऱ्याला त्या गृहस्थांशी बोलता आले असते, लांबून लक्ष ठेवता आले असते. नागरिकाला कायदा माहीत असतो असे आपण गृहीत धरतो. मग तो पोलिसालाही माहीत असावा, ही अपेक्षा न्यायालयाने स्पष्टपणे व्यक्त केली. मला हे वाक्य या सगळ्या वादातले सर्वांत न्याय्य वाटते, कारण चुकीची किंमत नागरिक बेड्यांत मोजतो आणि तोवर कायद्याचे अज्ञान अधिकाऱ्याच्या बाजूने वजन टाकत राहते.

मात्र याच न्यायालयाने तीन वर्षे आधी, २०१२ मध्ये, नॅशव्हिलच्या एका प्रकरणात उलट निकाल दिला होता, आणि तो टोलीडोच्या निकालाशी विसंगत नाही. तिथे एका माणसाने राज्याच्या उद्यानात एके-४७ च्या धर्तीचे, कायद्याच्या व्याख्येत मात्र पिस्तूलच ठरणारे शस्त्र छातीवर पट्ट्याने अडकवले होते, अंगात लष्करी छापाचे कपडे होते आणि नळीचे टोक नारिंगी रंगवलेले होते. अशी खूण सहसा खेळण्यातल्या बंदुकीवर असते. त्याच्याकडे परवाना होता, तरीही त्याला दोन तासांहून अधिक काळ थांबवले गेले. हे शस्त्र खरोखर पिस्तूल आहे की उद्यानात मनाई असलेली रायफल, हे पाहून कळण्यासारखे नव्हते, म्हणून संशय वाजवी ठरला. लोकांना भीती वाटली एवढ्यावर हा निकाल उभा नाही. जे दिसत होते ते स्वतःच बेकायदेशीर असण्याची खरी शक्यता होती, यावर तो उभा आहे. ज्यांना पोलिसांची परीक्षा घ्यायची म्हणून कॅमेरा लावून असे पेहराव करून फिरायचे असते, ते हा फरक जाणूनबुजून पुसतात आणि टोलीडोच्या गृहस्थांसारख्या सरळ माणसांचे नुकसान करतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

परवान्याचा प्रश्न आणखी एक पायरी वाढवतो. परवाना आहे की नाही हे तपासण्यासाठी तरी थांबवता येईल ना, असे सहज वाटते. मोटारीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच सांगितले आहे की केवळ लायसन्स पाहण्यासाठी मनाला येईल ती गाडी थांबवता येत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ॲलनटाउन शहरातील प्रकरणात लपवून बाळगलेल्या पिस्तुलालाही तोच विचार लावला आणि १९९१ पासून चालत आलेला उलटा नियम रद्द केला. उलट आयोवासारख्या राज्यात लपवून शस्त्र बाळगणे हा मुळात गुन्हा आणि परवाना हा त्यावरचा आरोपीने मांडायचा बचाव, अशी कायद्याची रचना होती. तिथे २०१८ मध्ये आठव्या अपील न्यायालयाने अटकाव वैध ठरवला. म्हणजे कलमाची मांडणी बदलली की त्याच दृश्याचा अर्थ बदलतो. फिलाडेल्फियातील पोलीस २०११ मध्ये याच मांडणीत अडखळले. पेनसिल्व्हेनियात इतरत्र उघड पिस्तुलाला परवाना लागत नव्हता, या एका शहरात लागत होता, आणि परवानाधारकाला ते शहरातही चालते हेच ज्या अधिकाऱ्याने एका तरुणावर पिस्तूल रोखले त्याला माहीत नव्हते. तरुणाने या प्रसंगाचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केल्यानंतर त्या तरुणावरच आरोप ठेवले गेले. त्यातून तो निर्दोष सुटला.

पोलिसांची बाजूही पोकळ नाही. जुलै २०१६ मध्ये डॅलस येथील मोर्चात एका हल्लेखोराने पाच पोलिसांना ठार केले, तेव्हा त्या मोर्चात वीस-तीस जण कायदेशीरपणे रायफली घेऊन चालत होते. गोळीबार सुरू होताच ते पळाले, आणि पळणाऱ्यांतला हल्लेखोर कोण आणि नागरिक कोण हे ओळखणे कठीण झाले, असे तत्कालीन पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राउन यांनी सांगितले. एका निरपराध माणसाचे छायाचित्र पोलिसांनी संशयित म्हणून प्रसिद्धही केले होते. तो मोर्चाच मुळी पोलिसांच्या गोळीने मेलेल्या कृष्णवर्णीयांसाठी होता, आणि त्यांतल्या मिनेसोटातील एकाने वाहन थांबवल्यावर आपल्याजवळ शस्त्र आहे हे अधिकाऱ्याला स्वतःहून सांगितले होते. त्याच्याकडे परवानाही होता. कागदावर समान असलेला हक्क रस्त्यावर समान राहत नाही, हे लपवून या विषयावर लिहिणे मला अप्रामाणिक वाटते.

अटकाव वैध ठरला तरी अंगझडतीचा प्रश्न वेगळा उरतो. त्यासाठी माणूस सशस्त्र आणि धोकादायक असल्याचा संशय लागतो. सशस्त्र म्हणजेच धोकादायक, परवाना असो वा नसो, असे चौथ्या अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या प्रकरणात म्हटले. याच न्यायालयाने २०१३ मध्ये मात्र उघड शस्त्र बाळगणे एवढेच कारण अटकावाला पुरत नाही असा निकाल दिला होता. म्हणून तिथल्या नागरिकाला बंदुकीमुळे अडवता येत नाही, पण दुसऱ्या कारणाने अडवल्यावर बंदुकीमुळे झडती घेता येते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा या वादाशी संबंध बहुधा फोन करणाऱ्याच्या भूमिकेतून येतो. दुकानात किंवा बागेत कमरेला पिस्तूल लावलेला माणूस पाहून ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करणारी व्यक्ती जे सांगते, त्यावर पोलिसाजवळ संशय आहे की नाही हे पुष्कळ अंशी ठरते. “इथे बंदूक असलेला माणूस आहे” एवढी निनावी माहिती पुरेशी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फ्लोरिडातील बसथांब्याच्या प्रकरणात ठरवले. कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी एका महिलेने रायफल घेतलेल्या माणसाविषयी फोन केला, तेव्हा फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याने इथे उघड शस्त्र बाळगणे कायदेशीर असल्याचे तिला सांगितले. त्यानंतर काही मिनिटांनी त्या माणसाने तिघांना ठार केले. बंदूक होल्स्टरमध्ये आहे की हातात, ती कोणावर रोखली आहे का, माणूस कोणाला धमकावतो आहे का, कोणाचा पाठलाग करतो आहे का, ज्या घराशी त्याचा संबंध नाही अशा घरात शिरतो आहे का, हे तपशील फोनवर सांगितले गेले तर येणाऱ्या पोलिसाला त्या माणसाशी बोलायचे आहे की त्याला अडवायचे आहे, हे गाडीतून उतरण्यापूर्वीच ठरवता येते.