खंडमेरू

खंडमेरू : स्वरांचा क्रम बदलून होणाऱ्या कूटतानांपैकी कोणती तान कितवी, हे सगळा प्रस्तार (सर्व क्रमांची ओळीने मांडणी) न मांडता काढून देणारे पायऱ्यापायऱ्यांचे अंककोष्टक. ते शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकराच्या स्वरगताध्यायात येते. हा ग्रंथ यादव राजा सिंघण (कार. सु. १२१०–४७) याच्या काळात देवगिरीस (आजचे दौलताबाद, जि. छत्रपती संभाजीनगर) रचला गेला. अभ्यासक तो बहुधा संगीताच्या अंगानेच वाचतात; पण समचयात्मक विश्लेषणाच्या (मांडणीचे व निवडीचे प्रकार मोजणाऱ्या गणितशाखेच्या) इतिहासातही त्याचे स्थान मोठे आहे. शार्ङ्गदेव राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता, हेही येथे आठवावे.

कोष्टकाच्या पहिल्या ओळीत १ व पुढे सहा शून्ये. दुसऱ्या स्तंभापासून खाली १, २, ६, २४, १२०, ७२० ही क्रमगुणिते (१ × २ × ३… असे गुणाकार), त्यांखाली त्यांच्या दुप्पट, तिप्पट अशा पटी. सातव्या स्तंभाच्या तळाशी ४,३२०. सर्व स्तंभांच्या तळाच्या अंकांची बेरीज १ + १ + ४ + १८ + ९६ + ६०० + ४,३२० = ५,०४०, म्हणजे सात स्वरांचे एकूण क्रम.

उद्दिष्ट (दिलेल्या तानेचा क्रमांक) काढताना स्तंभांवर खडे (लोष्टक) ठेवून ते सरकवतात. ‘रि म स ग’ ही तान घ्या. मूळ क्रम स रि ग म. शेवटचा ‘ग’ मूळ क्रमात शेवटून दुसरा, म्हणून चौथ्या स्तंभातला खडा दुसऱ्या घरात : ६. ‘ग’ वगळला की ‘स’ शेवटून तिसरा : ४. उरले रि, म. ‘म’ जागच्या जागी : ०. पहिल्या स्तंभाचा १ मिळवून तान अकरावी. नष्टाची (क्रमांकावरून तान शोधण्याची) रीत याच्या उलट. आजच्या परिभाषेत ही क्रमगुणित अंकपद्धती. यूरोपात फ्रेंच गणिती लेझांने ती १८८८ मध्ये मांडली.

या रीतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव सिंघणाचाच ज्योतिषी, आणि आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने काढलेला मठ कन्नडच्या डोंगराखाली पाटण येथे. यावरून खंडमेरू भास्करीय परंपरेतून आला असे सुचवले जाते. शार्ङ्गदेवाच्या आजोबांचे नावही भास्कर, त्यामुळे घोटाळा वाढतो. हे भास्कर मात्र काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या घराण्यातले, निराळे गृहस्थ. शिवाय लीलावतीतील (११५०) अंकपाश प्रकरण क्रमांची संख्या सांगते, प्रस्तार-नष्ट-उद्दिष्टांची यंत्रणा देत नाही. ही परिभाषा पिंगलाच्या छंदःशास्त्रातली. लघु-गुरूंवरची रीत स्वरांवर आणली गेली असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. जैन ग्रंथांतही, उदा. गोम्मटसारात, नष्ट-उद्दिष्ट आढळतात, पण तेथे क्रमबदल नसून प्रमादांचे (बेसावधपणाचे) भेद मोजलेले आहेत. खंडमेरू शार्ङ्गदेवाचा स्वतःचा की पूर्वसूरींचा, हा प्रश्न त्यामुळे खुलाच राहतो.

रत्नाकराच्या तालाध्यायात द्रुत, लघु, गुरू, प्लुत या कालमापांचाही (अनुक्रमे १, २, ४, ६ द्रुते) प्रस्तार आहे. एकूण १, २, ३… द्रुतांच्या तालांचे प्रकार तेथे १, २, ३, ६, १०, १९, ३३, ६० असे वाढतात.

नारायण पंडिताच्या गणितकौमुदीत (१३५६) अंकपाशाचा बराच विस्तार झालेला दिसतो. रत्नाकरावर सिंहभूपाल व विजयनगरचा कल्लिनाथ यांच्या टीका आहेत.