ऑक्सिजन कमी पडला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या का आवळतात?

हातापायात, मेंदूत, कुठेही ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त जास्त यावं म्हणून. फुफ्फुसात बरोबर उलटं, तिथे त्या आवळतात! 1946 मध्ये स्वीडनमधल्या फॉन ऑयलर आणि लिलिएस्ट्रांड यांनी मांजरांवर प्रयोग करून हे दाखवलं. आणि मला तर ही शरीराची फार हुशार सोय वाटते, कारण न्यूमोनियात एखादा कोपरा भरून गेला तर तिथे रक्त पाठवून काय उपयोग, त्यापेक्षा ते जिथे हवा पोचतेय तिकडे वळवलेलं बरं.

पण ऑक्सिजन सगळ्याच फुफ्फुसात कमी असेल आणि तोही आठवडेच्या आठवडे, तर सगळीकडेच वाटा अरुंद होतात. मग नुसतं आवळणं राहत नाही, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू जाड होतात, जिथे स्नायू जवळपास नव्हतेच तिथेही ते वाढतात, त्यात रक्तात लाल पेशी वाढून ते घट्ट होतं. हा सगळा भार हृदयाच्या उजव्या बाजूवर. तिला सवय साधारण 15 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाची, शरीरभर रक्त ढकलणाऱ्या डाव्या बाजूसारखी ती दणकट नसते.

1990 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टर इंदर आनंद आणि सहकाऱ्यांनी आपल्या 21 जवानांबद्दल लिहिलं. हे लोक 5800 ते 6700 मीटरवर कित्येक आठवडे राहिलेले, अंगावर सूज, पोटात पाणी, हृदयाची उजवी बाजू मोठी झालेली, धडधाकट तरुण पोरं होती हो ही! खाली आणल्यावर ते सुधारले. म्हणजे ऑक्सिजन परत मिळाला की बरंच काही मागे फिरतं, पण लगेच नाही, कारण जाड झालेली भिंत एका रात्रीत पातळ होत नाही.

हे सगळं बर्फातच घडतं असं नाही. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बायका, विडी-सिगारेट ओढणारे, यांना सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसाचा आजार, होऊन सपाटीवर बसल्याजागी हेच होऊ शकतं, आणि संध्याकाळी पाय सुजले की घरचे म्हणतात वय झालं. ज्यांचा ऑक्सिजन कायम खूप कमी असतो त्यांना डॉक्टर घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगतात, दिवसाला किमान 15 तास, आणि लोक काय करतात, सवय लागेल किंवा लाईट बिल येईल म्हणून दम लागल्यावर तासभर लावतात. अहो, ते दमापुरतं नाहीये, त्या रक्तवाहिन्या आणि हृदय सांभाळायला आहे, झोपेतही लावायचं असतं. फक्त मशीनवरचा ऑक्सिजनच्या लीटरचा आकडा मनाने वाढवू नका, सीओपीडीत जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठू शकतो.