हुमणीच्या अळीची शरीररचना (विद्यार्थी-संशोधन, पुणे)

हुमणी ही ऊस, भुईमूग, सोयाबीन यांची मुळे जमिनीखाली कुरतडणारी भुंगेऱ्याची अळी. महाराष्ट्रातील प्रमुख जात होलोट्रिकिया सेराटा. पुण्यातील कृषी व प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती प्रकल्पासाठी सोयीची पडते. दौंड, बारामती, इंदापूरचा ऊसपट्टा जवळ आहे आणि मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही ऊस-संशोधन संस्था आहे. वळवाचा पाऊस झाला की तिन्हीसांजेला भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभळीवर जमतात. अळ्या मात्र पावसाळ्यात, पिवळ्या पडलेल्या उसाच्या बुडाशी खणूनच मिळतात.

अळी नुसती अल्कोहोलमध्ये टाकली तर काळी पडते. म्हणून आधी गरम पाण्यात मारून मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात.

ओळख पटवण्याचे खरे काम शेपटाकडे होते. शेवटच्या खंडाच्या खालच्या बाजूस राठ केसांची मांडणी असते. काही जातींत दोन समांतर ओळी, काहींत नुसते विखुरलेले काटे. गुदद्वाराची चीरही पाहावी लागते. होलोट्रिकियाच्या गटात ती इंग्रजी वायसारखी असते, गेंडा भुंग्याच्या अळीत आडवी. शेणखताच्या खड्ड्यातली जाडजूड अळी दाखवून 'ही बघा हुमणी' म्हणणारे पुष्कळ भेटतात; भिंगाखाली चीर पाहिली की वाद मिटतो. खरे तर हे शिक्षण शेतकऱ्याच्या बांधावरही द्यायला हवे.

विच्छेदनासाठी अळी मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून, सलाइनखाली, पाठीच्या मध्यरेषेच्या किंचित बाजूने कापतात. मधोमध कापले तर पृष्ठवाहिनी, म्हणजे पाठीलगतची हृदयासारखी नळी, हातची जाते. आत प्रथम दिसते ती पांढरी चरबी. ती चिमट्याने हळूहळू काढल्यावर आतडे मोकळे होते. मध्यांत्र (मधले आतडे) व पश्चांत्र (मागचे आतडे) जुळतात तिथे माल्पिघी नलिका, म्हणजे उत्सर्जनाच्या बारीक नळ्या, सुटतात. त्या खुणेनेच दोन्ही भाग वेगळे ओळखता येतात. पश्चांत्राची मोठी पिशवी झालेली असते. तिच्यातील सूक्ष्मजीव तंतुमय अन्न आंबवतात. जिवंत अळीचे मागचे टोक काळसर दिसते ते या पिशवीतल्या माती-मुळांमुळे.

अळीच्या अवस्था तीन. त्या ठरवताना अंगाची लांबी फसवते, कारण ती खाण्यावर बदलते. म्हणून डोक्याचे कवच मोजतात; ते कात टाकतानाच वाढते, तेही साधारण ठरावीक पटीने. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ हॅरिसन डायर यांनी हा नियम 1890 मध्ये मांडला. तिसरी अवस्था सर्वांत खादाड.

त्वचेचा अभ्यास अजून कमी होतो, आणि तो व्हायला हवा. हुमणीवर शिफारस होणारी मेटारायझियम बुरशी पोटातून नव्हे, त्वचा भेदून आत शिरते.