पार्श्वभूमी : ट्रॅक्टरवाल्यांची हायड्रा

वणी असो की हिंगणघाट, कापसाचा ट्रक रस्त्याकडेला कलंडला की लोक म्हणतात, "हायड्रा बोलवा." आलेल्या क्रेनवर नाव कोणत्याही कंपनीचं असो, आपल्यासाठी ती हायड्राच. मुळात हे एस्कॉर्ट्स कंपनीच्या क्रेनचं नाव. आणि एस्कॉर्ट्स आपल्या गावांना क्रेनमुळे माहीत झालेली नाही. ती आधी शेतात ट्रॅक्टर म्हणून आली, दूधवाल्याची राजदूत मोटारसायकल म्हणून आली.

कंपनी सुरू झाली १९४४ साली, लाहोरमध्ये. हरप्रसाद आणि युदी हे नंदा बंधू तिचे संस्थापक. फाळणीत लाहोर सुटलं, दिल्लीत नव्याने बस्तान बसवावं लागलं. आधी परदेशी यंत्रांची विक्री, मग फरिदाबादला कारखाने. साठच्या दशकात पोलंडच्या उर्सुस कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर, १९६९ मध्ये फोर्डशी भागीदारी. जुने शेतकरी 'फोर्ड ३६००' अजून मायेने आठवतात, तो याच भागीदारीतला.

सत्तरच्या दशकात कंपनी क्रेनकडे वळली. मोठी मोबाइल क्रेन आधी जमिनीवर आधाराचे पाय टेकवते आणि एका जागी उभी राहून वजन फिरवते. हायड्रा वजन उचलते आणि तशीच चालू लागते. पुढे बूम, म्हणजे वजन उचलणारा लांब हात, मागे इंजिन आणि मधोमध सांधा. वळायचं असेल तेव्हा अख्खी गाडीच मधून वळते. पाय नाहीत, वरचा भाग गोल फिरवणारी यंत्रणा नाही, त्यामुळे बांधणी सोपी आणि भाडं परवडणारं. आमच्याकडे पूर्वी तीन बल्ल्या उभ्या करून चेनपुलीने यंत्रं उतरवत. जिनिंगच्या आवारात, पुलाच्या कामावर, वीज केंद्रांच्या परिसरात हायड्रा रुळली ती या सोपेपणामुळेच.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. १९७९ मध्ये जेसीबी भारतात आली तीही एस्कॉर्ट्सच्याच भागीदारीत, हरियाणातल्या बल्लभगडला. २००३ मध्ये एस्कॉर्ट्स त्यातून बाहेर पडली. म्हणजे गावात यंत्राची ओळखच बनलेली दोन्ही नावं एकाच घरातून आली.

पण हायड्राचा सोपेपणाच तिचा धोकाही आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. हायड्रा '१४ टनी' म्हणतात तो आकडा वजन अगदी जवळ असतानाचा. बूम लांबवला की ताकद झपाट्याने उतरते. भार घेऊन वळताना तोल जातो. जुन्या रचनेत केबिन मागे, त्यामुळे समोरचा माणूस ऑपरेटरला नीट दिसत नाही, आणि नेमका तिथेच हेल्पर लटकता भार हाताने धरून चालत असतो. अशा अपघातांत माणसं गेली, म्हणून अनेक मोठ्या प्रकल्पांनी जुन्या धाटणीच्या हायड्रावर बंदी घातली. समोरच्या बाजूला केबिन असलेली मॉडेलं नंतर आली. १९९५ मध्ये सुरू झालेली एसीई ही फरिदाबादचीच कंपनी आज या बाजारात मोठी आहे. एस्कॉर्ट्स २०२२ पासून एस्कॉर्ट्स कुबोटा झाली.

आपल्याकडे जुन्या गाड्या मात्र अजून भाड्याने फिरतात. त्यात ही काळी माती. पाऊस पडून गेला की एका बाजूचं चाक रुतायला वेळ लागत नाही, आणि टेकवायला पाय नसतात. जाणता ऑपरेटर अशा वेळी डांबरावरून खाली उतरत नाही, भाराला लांब दोर बांधायला लावतो आणि हेल्परला त्या दोराच्या टोकाशी उभं करतो.