फुकेतचं जुनं शहर, रविवारची संध्याकाळ: गाडी मनोऱ्याशीच का थांबते?

आमच्या फुकेत टूरमध्ये रविवारची संध्याकाळ जुन्या शहरासाठी राखलेली असते. बेटांबद्दल, बोटींबद्दल फारसं कुणी विचारत नाही, प्रश्न येतात ते या एका संध्याकाळचेच. शनिवारी गेलं तर चालेल का? शाकाहारी काय मिळेल? आणि समोर रस्ता मोकळा दिसत असताना ड्रायव्हर आम्हाला लांब का उतरवतो? शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यातच वाया जातो.

जुन्या शहराचा मुख्य रस्ता म्हणजे थलांग रोड. पश्चिमेला याओवारात रोडचा चौक, पूर्वेला फुकेत रोडची बाजू, आणि मधलं अंतर साधारण ४०० मीटर. रविवारी दुपारी ४च्या सुमारास हा तुकडा वाहनांना बंद होतो आणि रात्री १०पर्यंत तिथे बाजार भरतो. स्थानिक लोक त्याला ‘लाट याय’ म्हणतात, दक्षिणेकडच्या थाई बोलीत ‘मोठा बाजार’. तुम्ही ३ वाजता पोचता तेव्हा तिथे गाड्या धावत असतात. साहजिकच ‘इथेच सोडा ना’ असा आग्रह होतो, आणि ड्रायव्हर भिडेपोटी ऐकतो. पाच तासांनी त्याच जागी कबाबच्या शेगड्या पेटलेल्या असतात, दोन्ही तोंडांना अडथळे असतात, आणि तुम्ही मात्र उतरलेल्या ठिकाणी गाडीची वाट बघत उभे असता.

मग फोन सुरू होतात. ‘आम्ही सेव्हन-इलेव्हनच्या समोर आहोत.’ (फुकेतमध्ये ही खूण सांगणं म्हणजे दादरला ‘वडापावच्या गाडीजवळ आहोत’ असं सांगणं.) लाइव्ह लोकेशन पाठवूनही उपयोग होत नाही, कारण ते बाजाराच्या पोटातलं असतं. शिवाय जुन्या शहरातले बरेच रस्ते एकेरी आहेत. ड्रायव्हर तुमच्या शंभर मीटर पुढे निघून गेला तर मागे वळू शकत नाही, त्याला पूर्ण फेरी मारावी लागते, आणि रविवारच्या गर्दीत ती फेरी १५-२० मिनिटं खाते. तोवर तुम्ही ‘दुसऱ्या टोकाला येतो’ म्हणून चालायला लागलेले असता. दोघंही एकमेकांना शोधत फिरतात. गाडी पाच तासांसाठी घेतलेली असते, त्यापुढे तासाला ३०० बाट पडतात आणि ते तुम्हालाच भरावे लागतात. म्हणून हा आग्रह आमच्यापेक्षा तुमच्या खिशासाठी जास्त आहे.

आमची पद्धत एकच: सोडणं आणि घेणं, दोन्ही फांग-न्गा रोड आणि फुकेत रोडच्या चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्याशी. ही जुन्या पोलीस ठाण्याची इमारत. समोरच्या कोपऱ्यावर पूर्वीची बँक आहे, तिथे आता पेरानाकन म्युझियम आहे (पेरानाकन म्हणजे इथे स्थायिक होऊन स्थानिकांत मिसळलेल्या चिनी लोकांचे वंशज). थलांग रोड इथून तीन-चार मिनिटांच्या चालीवर. ड्रायव्हरने आडबाजूला सोडलं अशी तक्रार अधूनमधून येते. ती जागा आम्ही मुद्दाम निवडलेली आहे, कारण बाजार भरलेला असतानाही तिथपर्यंत गाडी येते.

उतरल्यावर मनोऱ्याचा फोटो काढा आणि घरच्या सगळ्यांना पाठवा, आजी-आजोबांना आणि मुलांनाही. नकाशात नुसतं ‘क्लॉक टॉवर’ टाकू नका. दक्षिणेला सुरिन सर्कलमध्ये दुसरा घड्याळाचा मनोरा आहे आणि अॅप खुशाल तिकडे नेतं. आपला तो ‘प्रोमथेप क्लॉक टॉवर’. परतताना आधी सगळे जण मनोऱ्याशी जमा आणि मगच ड्रायव्हरला फोन करा. चौकात गाडी दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबवता येत नाही. ‘पाच जण आलेत, दोघं येतायत’ म्हणून बोलावलं की त्याला पुन्हा तीच फेरी.

आता शनिवारचं. थलांग रोडचा बाजार फक्त रविवारी असतो. शनिवार-रविवार भरणारा नाका बाजार वेगळा. तो जुन्या शहराबाहेर आहे, खरेदीला बरा, पण तिथे जुनी घरं नाहीत. शनिवारी जुन्या शहरात जायला काहीच हरकत नाही, घरं निवांत बघता येतात. बाजार मात्र दिसणार नाही. म्हणूनच आमच्या तारखा अशा लावलेल्या असतात की मुक्कामात एक रविवार येतोच. तिकिटं स्वतः काढणाऱ्यांनी तेवढं बघून काढावीत.

सुरुवात ३ला का, ६ला का नाही? कारण पातोंग या समुद्रकिनाऱ्याच्या भागातून डोंगर ओलांडून जुनं शहर १५ किलोमीटर. एरवी अर्धा-पाऊण तास, रविवारी संध्याकाळी त्याहून जास्त. आणि ६ला पोचलात तर दिसतात फक्त माणसांच्या पाठी. ३ला उतरून फांग-न्गा रोडने पश्चिमेकडे चालत निघा. दुकानांच्या मधल्या एका अरुंद बोळातून आत गेलं की सेंग थाम देऊळ लागतं. पाटी बघत चला, नाहीतर बोळ मागे पडतो. तिथून याओवारात रोड ओलांडून क्राबी रोडवरचं थाई हुआ म्युझियम, १९३४मध्ये बांधलेली चिनी शाळा. ते ५ला बंद होतं, म्हणून पावणेचारपर्यंत आत असलेलं बरं. मग दीबुक रोडने परत. ‘दीबुक’ म्हणजे थाईत कथील, आणि हे सगळं शहर त्या कथलाच्या पैशावर उभं राहिलं. दीबुकवरून सोइ रोमनी या छोट्या रंगीत गल्लीतून थलांग रोडवर उतरलात की ५ वाजलेले असतात आणि बाजार नुकता लागत असतो. तव्यावरचं पहिलं वाढप त्याच वेळी निघतं.

गोव्याहून येणारी मंडळी हमखास विचारतात, ही घरं पोर्तुगिजांची का? नावच ‘सिनो-पोर्तुगीज’ पडलंय, त्यामुळे चूक त्यांची नाही. पण फुकेतवर पोर्तुगिजांचं राज्य कधीच नव्हतं. ही घरं बांधली कथलाच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या होक्कियन (दक्षिण चीनच्या फुजियान प्रांतातल्या) चिनी लोकांनी, पेनांग आणि सिंगापूरकडचा नमुना बघून. पणजीच्या फोंताइन्यासमध्ये रंग आणि खिडक्या बघता, तशा इथे कमानी बघा. दुकानांपुढे जी छपराखालची सलग वाट आहे तिला ‘पाच फुटी वाट’ म्हणतात. सिंगापूरच्या १८२२च्या नगररचनेतला हा नियम, ऊन-पावसात गिऱ्हाईक कोरडं राहावं म्हणून. घर समोरून अरुंद आणि आत लांबच लांब असतं. मधोमध उघडा चौक असतो, आपल्या वाड्यासारखा, तिथून उजेड आणि वारा आत येतो. एखाद्या कॅफेत बसणार असाल तर चौक असलेला निवडा. थलांग रोडवर विजेच्या तारा जमिनीखालून नेलेल्या आहेत, त्यामुळे फोटो स्वच्छ येतात.

खाण्याचं नीट वाचा. फुकेत २०१५पासून युनेस्कोच्या खाद्यनगरींच्या यादीत आहे, पण म्हणून सगळं आपल्याला चालेल असं नाही. ‘व्हेज’ हा शब्द तिथे उपयोगाचा नाही. भाज्या दिसतात, पण त्यात नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी किंवा ऑयस्टर सॉस असतं. कच्च्या पपईच्या सोम तममध्ये सुकट असते. विकणाऱ्याच्या लेखी ते मांस नसतं, त्यामुळे तो खोटं बोलत नसतो. उपयोगाचा शब्द आहे ‘जे’. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. ‘जे’ जेवणात मांस, मासे, अंडं, दूध नसतं आणि कांदा-लसूणही नसतो. जैन मंडळींना इथपर्यंत आनंद होतो, पण बटाटा, गाजर, मुळा त्यात असू शकतात. त्याउलट ‘मांगसविरात’ म्हणजे नुसतं शाकाहारी, त्यात अंडं चालतं.

बाजारात निर्धास्त खाण्यासारखं: आंब्याबरोबरचा चिकट भात आणि नारळाचं दूध, कापलेली फळं, आणि ‘ओ एव’. हा फुकेतचा थंड पदार्थ. अंजिराच्या जातीच्या बियांची जेली, वर राजमा, किसलेला बर्फ आणि सरबत. ‘आ पोंग’ मात्र फसवतं. दिसायला आपल्या घावनाची सुरळी, तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, पण त्यात अंडं असतं. केळ्याच्या रोटीतही अंडं घालतात. ‘माइ साइ खाइ’ म्हटलं की घालत नाहीत, पण तवा तोच राहतो. ज्यांना तेही चालत नाही त्यांच्यासाठी आमचा डबा मनोऱ्याशी गाडीतच मिळतो. मागणी आदल्या रात्री ८पर्यंत कळवायची. ‘नाम प्ला नको, अंडं नको, सुकट नको’ असं थाईत छापलेलं कार्ड प्रत्येक कुटुंबाला सोबत देतो, ते हॉटेलवर विसरू नका.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवसांचा शाकाहार उत्सव असतो. तेव्हा पिवळे झेंडे सगळीकडे लागतात आणि आपलं सोपं होतं. फक्त मिरवणुकांत गाल टोचून घेतलेले लोक आणि फटाके असतात. लहान मुलं बरोबर असतील तर त्या टूरबद्दल आधी बोलून घ्या.

पैसे सुटे ठेवा, २० आणि १०० बाटच्या नोटा. परदेशी कार्डाला एटीएम दर वेळी २२० बाट किंवा जास्त कापतं, म्हणून थोडे थोडे काढू नका. संध्याकाळी ६ला राष्ट्रगीत लागलं आणि आजूबाजूचे लोक थांबले तर आपणही थांबायचं. परतीला निळ्या सामायिक गाड्यांच्या भरवशावर राहू नका. रानोंग रोडवरून समुद्रकिनाऱ्यांकडे त्या जातात खऱ्या, पण संध्याकाळनंतर मिळत नाहीत.

फी फी बेटाहून येणारी बोट रत्सदा धक्क्याला लागते आणि तो धक्का शहराला जवळ आहे. त्यामुळे ‘तिथूनच थेट बाजारात न्या’ अशी मागणी दर वेळी होते. आम्ही ती मान्य करत नाही. अंगावर ओले कपडे, मुलं पेंगलेली, हातात पिशव्या आणि म्युझियम बंद झालेलं. बेटं आणि जुनं शहर वेगवेगळ्या दिवशीच ठेवलेली आहेत. फांग-न्गा रोडवरच्या देवळापासून दीबुकपर्यंत बरोबर चालणारा स्थानिक वाटाड्या हवा असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. रविवारी ऐनवेळी मिळत नाही.