भूमिका (चित्रपट)

भूमिका : श्याम बेनेगल यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी चित्रपट (१९७७). मराठी अभिनेत्री हंसा वाडकर (१९२३–७१) यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर तो आधारलेला असला, तरी त्याला त्यांचे चरित्रपट म्हणता येत नाही. पात्रांची नावे बदललेली आहेत आणि पुस्तकातील मोकळ्या, बोलक्या निवेदनाची जागा येथे बऱ्याच अंशी मौनाने घेतली आहे. पटकथा बेनेगल, गिरीश कार्नाड व सत्यदेव दुबे यांची, छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे, तर संगीत वनराज भाटिया यांचे आहे.

कोकणात आजीकडून गाणे शिकलेली उषा (स्मिता पाटील) केशव दळवी (अमोल पालेकर) याच्या खटपटीमुळे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत येते आणि पुढे आईचा विरोध मोडून त्याच्याशीच लग्न करते. लग्नानंतर तिला घर सांभाळायचे असते. पण तिच्या मिळकतीवर जगणारा केशव तिला काम सोडू देत नाही आणि सहनट राजन (अनंत नाग) याच्यावरून तिचा संशयही घेतो. उषेची बदनामी बाहेरच्या जगात होण्याआधी अशी घरातच सुरू होते, हे या चित्रपटाचे सर्वांत तीक्ष्ण निरीक्षण होय. दिग्दर्शक सुनील वर्मा (नसीरुद्दीन शाह) याच्याशी जुळलेले नातेही तिला आधार देत नाही. त्यानंतर विनायक काळे (अमरीश पुरी) या धनाढ्य जमीनदाराच्या वाड्यात तिला प्रथमच सुनेचा मान मिळतो. सासू तिला आपली मानते, अंथरुणाला खिळलेली पहिली पत्नीही तिचा दुस्वास करीत नाही. मात्र उंबरठा ओलांडण्याची मुभा नाही, हे कळताच त्या मानाची किंमत तिच्या ध्यानात येते. येथून सुटण्यासाठी तिला केशवचीच मदत घ्यावी लागते. वाड्याचा हा भाग संथ आहे, आणि त्याची ताकद त्या संथपणातच आहे.

उषेची वासना, हट्ट आणि चुका चित्रपट लपवीत नाही, तसेच त्यांबद्दल तिला शिक्षाही करीत नाही. भूतकाळातील प्रसंग कृष्णधवल आणि वर्तमान रंगीत, अशी योजना केल्यामुळे आठवणी गोड न होता कोरड्या, जवळजवळ पुराव्यासारख्या वाटतात.

या भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा, तर चित्रपटाला सर्वोत्कृष्ट पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.