आर्क्टिकमधला अवकाळी

गोडा मसाल्यात आपण दगडफूल घालतो ना, ते काळपट, चुरगळलेल्या कागदासारखं दिसणारं, ते खरं म्हणजे फूल नाहीच. ती लायकेन आहे, म्हणजे बुरशी आणि शेवाळ एकमेकांच्या आधाराने नांदतात असा जोडजीव. आर्क्टिकमधे याच गोतावळ्यातली पांढुरकी लायकेन जमिनीवर गादीसारखी पसरलेली असते आणि रेनडियरचा अख्खा हिवाळा मुख्यतः तिच्यावर निघतो. ती वाढते फार हळू, वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर.

आता ही लायकेन हिवाळ्यात बर्फाखाली गाडलेली असते, पण रेनडियरला त्याचं काही वाटत नाही. भुसभुशीत बर्फातून त्याला खालच्या चाऱ्याचा वास येतो, मग पुढच्या खुराने खणत खणत तो खड्डा करतो आणि तोंड खुपसून चरतो. कोरडा बर्फ त्याचा शत्रू नाहीच मुळी. शत्रू आहे पाऊस. ऐन थंडीत हवा एकाएकी गरम झाली आणि बर्फावर पाऊस पडला की ते पाणी झिरपत खाली जमिनीपर्यंत जातं, दोन दिवसांनी पारा पुन्हा उतरला की तिथेच गोठतं आणि लायकेनवर काचेसारखा थर बसतो. खूर त्यावर नुसता घसरतो. खाली चारा, वर जनावर, मधे काही सेंटिमीटर बर्फ, आणि जनावर उपाशी मरतं. मला हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या उत्तरेला राहणाऱ्या सामी लोकांच्या भाषेत या थराला वेगळा शब्दच आहे, चुओह्की. दुसरा एक शब्द आहे गुओह्तुन, त्याचा अर्थ नुसतं कुरण नाही, तर बर्फाखालचा चारा जनावराला खणून खाता येईल अशी अवस्था. म्हणजे कुरण तेच, पण एका पावसाने गुओह्तुन संपू शकतं. सॅटेलाइटला वरून सगळं पांढरंच दिसतं, आत काय आहे हे काठी खुपसून बघणाऱ्यालाच कळतं, म्हणून या लोकांचं ज्ञान विज्ञानाच्या बरोबरीनेच धरायला हवं असं माझं ठाम मत आहे. चुओह्की झालं की सामी पशुपालक आता विकतचं खाद्य घालतात, पण ते महाग पडतं, आणि मोकळं चरणारं जनावर कुंपणात गर्दीने ठेवलं की डोळ्यांचे रोग पसरतात.

सगळ्यात भीषण प्रकार झाला रशियात, यामाल द्वीपकल्पावर. यामाल म्हणजे नेनेत्स भाषेत जमिनीचं टोक. इथले नेनेत्स लोक आपल्या धनगरांसारखे कळपामागे शेकडो किलोमीटर फिरतात, तंबू रेनडियरच्या कातड्यांचा, कपडे त्याच कातड्याचे आणि सगळं बिऱ्हाड लादलेल्या घसरगाड्या ओढणारेही रेनडियरच. नोव्हेंबर 2013 मधे तिथे जवळपास 24 तास पाऊस पडला, मग कडाक्याची थंडी, आणि तो थर वसंतापर्यंत वितळलाच नाही. सुमारे 2,75,000 रेनडियरपैकी 61,000 उपासमारीने मेले. 2006 मधे पण असंच होऊन 20,000 गेले होते.

नोव्हेंबरात तिथे पाऊस कुठून आला? तर समुद्रातून. यामालच्या पश्चिमेला कारा समुद्र आहे आणि त्याच्या पलीकडे बॅरेन्ट्स. त्या शरदात तिथे बर्फ कमी होता. समुद्रावर बर्फ असला की तो झाकणासारखं काम करतो, पाण्याची ऊब आणि वाफ वर जात नाही. झाकण नसलं की दमट, उबदार हवा जमिनीवर येते आणि बर्फाऐवजी पाऊस पडतो. 1979 पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापतंय, त्यामुळे हे झाकण आता पूर्वीपेक्षा उशिरा बसतं.

आणि हा कारा समुद्र आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही बरं का. गोव्यात वास्कोला ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथल्या संशोधकांनी 2021 मधे असं दाखवलं की उन्हाळ्यात कारा समुद्रातला बर्फ घटणं आणि सप्टेंबरात मध्य भारतात होणारी अतिवृष्टी यांचा संबंध असू शकतो. उघड्या समुद्राने वरच्या हवेचे प्रवाह बदलतात, त्याची लाट आशियापर्यंत येते आणि त्यात उबदार अरबी समुद्र भरपूर बाष्प पुरवतो. संबंध पक्का म्हणायला अजून काम लागेल, पण सोयाबीन काढणीला आलेलं असताना पाऊस कोसळला की काय होतं हे विदर्भ-मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

यामालमधे ज्यांचा जवळजवळ सगळा कळप गेला ती कुटुंबं जिथे होती तिथेच अडकली, कारण घसरगाड्या ओढायला जनावरंच उरली नव्हती. मग त्यांनी मासेमारीवर पोट भरलं आणि पैदाशीसाठी दुसऱ्यांकडून उसने रेनडियर घेऊन कळप पुन्हा उभा करायला घेतला, ज्याला कित्येक वर्षं लागतात.